सुईची जागा

तोंडात टाचण्या धरून भांडणारी बाई मी सासरी येईपर्यंत पाहिली नव्हती. लग्न होऊन देवासला आले त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या नणंदेनं मला पुढच्या खोलीत उजेडाला उभं केलं, माझ्या ब्लाउजचा खांदा चिमटीत धरला आणि दातांत टाचण्या दाबून विचारलं, "हा कुठल्या वैऱ्यानं शिवला?" मी इंदूरची, गणिताची मास्तरीण, जरा तोऱ्यातच होते. म्हटलं, "आमच्या नेहमीच्या टेलरनं." त्या म्हणाल्या, "मग तोच वैरी. हात वर कर. श्वास सोड. अगं सोड म्हटलं तर धरून काय ठेवतेस, मी काय खाणार आहे तुला?" संध्याकाळपर्यंत तो ब्लाउज उसवून पुन्हा शिवून झाला होता. मी घातला आणि आरशासमोर गप्प झाले. आमच्या वन्संनी मला गप्प केल्याचा तो पहिला प्रसंग.

नाव प्रमिला. आमचे हे त्यांना ताई म्हणत, मी जुन्या रीतीप्रमाणे वन्सं, आणि सगळी गल्ली मास्टरनी. आमच्या घराण्यातले पूर्वज पवार सरदारांच्या मागोमाग सुईदोरा घेऊन माळव्यात आले. दरबार गेला, पण घरातली सुई काही गेली नाही. वन्संना दिलं होतं धारला, तेही शिंप्याच्याच घरी. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. दिरांनी दुकानात सुरुवातीला मान दिला आणि मग कोपरा दिला. तेव्हा त्या आपलं मशीन टेम्पोत घालून देवासला परत आल्या. "धारला माझं काही अडलं नव्हतं," असं त्या सांगत, "पण कोपऱ्यात बसून मला टीप सरळ येत नाही." पुढच्या खोलीत त्यांनी कापायचं टेबल मांडलं, खिडकीपाशी मशीन मांडलं, आणि ती खोली त्यांची झाली. आम्ही आमच्याच घरात त्या खोलीतून जाताना चप्पल हातात घेऊन जायचो, कारण खाली कुणाचं तरी कापड पसरलेलं असे.

गिऱ्हाइकांशी त्यांचं बोलणं निम्मं हिंदी, पाव माळवी आणि उरलेलं मराठी. पण अर्थ एकच. कुणी घाई केली की म्हणत, "घाई असेल त्यानं रेडीमेड घालावं." बाग गावची ठशांची छापील साडी घेऊन एक पोरगी आली आणि म्हणाली, आंटी, याचा असा काहीतरी स्टायलिश गाऊन करा. वन्संनी साडी हातावर घेतली, उलटसुलट पाहिली, आणि परत घडी घातली. "बेटा, पहले ये पहन के देख. फाडना तो कब्बी भी हो जाएगा." पोरगी ती साडी नेसूनच गेली म्हणे कुणाच्या तरी लग्नाला.

त्यांचे दोन नियम मात्र दगडावर कोरलेले. एक, सुई मोडल्याशिवाय बदलायची नाही. बोथट झाली तर ती जाड कापडाला, आणखी बोथट झाली तर गोधडीला, पण टाकायची नाही. दुसरा नियम त्याहून कडक. शिवण उसवून पुन्हा घालायची झाली तर ती जुन्याच भोकांतून गेली पाहिजे. मी एकदा पडद्याची टीप सुधारायला बसले तर त्यांनी हातावर टेप मारली. "नवं भोक पाडायचा हक्क तुला कुणी दिला? आधीच टोचलंय ना तिथं, तिथूनच जा. कापड बिचारं बोलत नाही म्हणून काय चाळण करायची त्याची?" हे त्यांचं मला तेव्हा फार पटलं होतं. आजही कापडाच्या बाबतीत पटतं.

बोका आला तो चिंध्यांच्या टोपल्यात झोपायला. पांढऱ्यावर पिवळे ठिपके, तोंड मोठं, चाल संथ, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असा बघायचा की तुमचा अर्ज आम्ही नंतर पाहू. वन्संनी त्याचं नाव दिवाणजी ठेवलं. मला मांजरं आवडत नाहीत, हे मी तेव्हाच सांगून टाकलं होतं. माझ्या प्रत्येक साडीवर त्याचे केस. पण ज्या बाईनं मला कधी टेबलाला टेकू दिलं नाही, तिनं या महाशयांना मखमलीवर झोपू दिलं. मी बोलले तर म्हणाल्या, "तो झोपला की कापड सरकत नाही. तू झोपशील का तशी?"

पुढे काही वर्षांनी दिवाणजी पाणी प्यायला लागला. प्यायचा म्हणजे काय, इस्त्रीसाठी ठेवलेला वाडगा संपवायचा, मग न्हाणीतली बादली गाठायचा. खाणं दुप्पट आणि अंगावर मांस नाही. मग एक दिवस तो टेबलावर उडी मारायला गेला आणि खालीच बसला. चालताना मागचे पाय पंज्यावर न टाकता पार टाचेपर्यंत जमिनीला टेकवत होता. वन्संनी शिवत असलेली चोळी खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "बाळूला म्हण गाडी काढ." बाळू म्हणजे आमचे हे.

इंदूरला मांजराकुत्र्यांची एक डॉक्टरबाई आहे. तरुण, शांत, कधी आवाज न चढवणारी. तिनं रक्त तपासलं आणि सांगितलं, शुगर. रोज सकाळ-संध्याकाळ जेवायला घालून इन्शुलिन, तेही बहुधा जन्मभर. आमच्या यांनी गाडीतच म्हटलं, "ताई, मांजराला कुठं कुणी रोज इन्शुलिन देतं? त्याला मरू दे ना आपल्या मरणानं." वन्सं पिशवीतल्या मांजराकडे बघत म्हणाल्या, "तुला शुगर आहे ना? मग तूही मर आपल्या मरणानं. मी काही म्हणते का?"

सुई टोचणं ही वन्संना काही नवलाची गोष्ट नव्हती. मला वाटलं होतं पहिल्या दिवशी तरी हात कापेल. कुठलं काय! मानेमागची, दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी त्यांनी चिमटीत वर उचलली, सुई गेली, दांडा दाबला, सुई बाहेर. दिवाणजीनं वाटीतून तोंडही वर काढलं नाही. "बघ," त्या मला म्हणाल्या, "याला हात लागतो." पुढे रोज तेच. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, टेकडीवरच्या आरतीची घंटा ऐकू येते त्या सुमारास, तीच खोली, तीच चिमूट, तीच जागा. डॉक्टरबाईनं निघताना सांगितलं होतं, "हर बार नई सुई, और जगह बदलते रहना." वन्संनी मान डोलावली होती. पण एवढीशी, केसापेक्षा बारीक सुई, एकदा वापरून टाकून द्यायची? ती त्यांच्या टाचण्यांच्या उशीत खोचून राहायची, मोडेपर्यंत. आणि जागा बदलायची तर का बदलायची? आधीच टोचलंय तिथं, तिथूनच जायचं. जनावर बिचारं बोलत नाही म्हणून काय चाळण करायची त्याची? त्यांना ती दया वाटत होती, हो. आळस नव्हता तो.

सुरुवातीला सगळं छान चाललं. पाणी कमी झालं, पाय सुधारले. मग हळूहळू पुन्हा बिघडायला लागलं. वन्सं कानाच्या कडेला टोचून थेंब काढायच्या, शुगरच्या मशीनवर आकडा बघायच्या आणि फोनवर डॉक्टरबाईला कळवायच्या. आकडा चढा. डॉक्टरबाईनं इन्शुलिन थोडं वाढवलं. तरी चढा. पुन्हा वाढवलं. दर वेळी ती विचारायची, "जगह बदल रहे हैं ना?" आणि वन्सं म्हणायच्या, "हाथ मेरा साफ हे, डॉक्टर, तुम फिकर मत करो." हे काही उत्तर नव्हतं. पण वन्संचा आवाज असा की पुढे कुणी विचारत नसे.

दिवाणजी मात्र उत्तर द्यायला लागला होता. सुईची वेळ झाली की तो मशीनच्या पायडलामागे जाऊन बसायचा. एकदा त्यानं वन्संच्या मनगटाला असा पंजा मारला की रक्त आलं. त्या दिवशी त्यांनी त्याला खिडकीपाशी धरून मानेमागचे केस फुंकरीनं बाजूला केले. तिथं केसच नव्हते फारसे. कातडी जाड, खपल्या धरलेली, आणि खाली सुपारीएवढी गाठ. वन्सं ती गाठ कितीतरी वेळ बोटानं चाचपत होत्या. "शैले," त्या म्हणाल्या, "इथं दुखत होतं गं त्याला."

आणि मग त्यांनी जे केलं ते कुणीही मायेनं केलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठ सोडून दिली आणि कुशीवरची नवी, मऊ जागा धरली. सुई लोण्यात जावी तशी गेली. औषध तेवढंच, वाढवून ठेवलेलं. त्यांना वाटलं चला, आता याला बरं वाटेल. मी शाळेतून आले ती दुपारी, तर पुढच्या खोलीतून हाक आली आणि ती हाक मी वन्संच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "शैला, लवकर ये!"

दिवाणजी टेबलाखाली आडवा पडला होता. डोळे उघडे पण बघत नव्हता, मान झटके देत होती. मी फोन लावला. डॉक्टरबाईनं एकच विचारलं, "सुबह सुई कहाँ दी?" मी सांगितलं. ती म्हणाली, शुगर एकदम उतरलीय, घरात साखरेचं काही पातळ असेल तर बोटानं हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि लगेच निघा. घरात आदल्या दिवशीची मावाबाटी होती. मी तिच्या पाकाची वाटी घेऊन धावले. वन्संनी बोट बुडवलं आणि त्याचा ओठ उचलून हिरडीला चोळलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या, मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. जवळ गेले तर ऐकू आलं, "मरायचं नाही. मी सांगते, मरायचं नाही. काम अर्धं टाकून जायचं नाही." बऱ्याच वेळानं त्याची जीभ हलली आणि त्यानं त्यांचं बोट चाटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला, जिला मांजरं आवडत नाहीत!

इंदूरला डॉक्टरबाईनं त्याला सलाईन लावलं आणि मग आम्हांला बसवून समजावलं. त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचल्यानं कातडीखाली गाठ झाली. औषध त्या गाठीत अडकून राहायचं, रक्तात पोचायचंच नाही, म्हणून शुगर उतरेना. शुगर उतरेना म्हणून आपण औषध वाढवत गेलो. आणि आज नव्या जागी ते सगळंच्या सगळं एकदम पोचलं. मग तिनं विचारलं, "सुई दिखाइए, कौन-सी लगा रहे हैं?" वन्संनी पिशवीतून टाचण्यांची उशी काढली. त्यात टाचण्या, गोधडीची सुई, आणि त्यांच्या शेजारी दिवाणजीची सिरिंज खोचलेली. डॉक्टरबाई क्षणभर त्या उशीकडे बघतच राहिली. रागावली मात्र नाही. तिनं सुईचं टोक मोबाइलमध्ये मोठं करून वन्संपुढे धरलं. टोक वाकून त्याचा हूक झाला होता. आयुष्यभर सुया हाताळलेल्या बाईला आणखी काही सांगायची गरजच नव्हती. "बाई गं," वन्सं म्हणाल्या, "हे मी त्याच्या अंगात घालत होते?"

गाठीतलं पाणी काढून तपासलं, त्यात वाईट काही निघालं नाही. डॉक्टरबाई म्हणाली, त्या जागेला आता हात लावू नका, ती आपोआप विरेल किंवा थोडी राहील. औषध पुन्हा अगदी कमीपासून सुरू करायचं. परतताना क्षिप्रेचा पूल गेला तरी वन्सं ती टाचण्यांची उशीच चाचपत होत्या. मला भीती वाटली, आता या सगळं सोडून देतात की काय. मग एकदम म्हणाल्या, "शैले, कापडाला भोक पडलं की ते राहतं. म्हणून आपण जुन्या भोकातून जातो. कातडीचं तसं नसतं. ती भोक भरून काढते. फक्त तिला जरा सवड द्यावी लागते." उशी पिशवीत टाकत म्हणाल्या, "मी सवडच दिली नाही. आता देईन."

आणि त्या 'देईन'चा अर्थ मी पुढचे कित्येक महिने पाहिला. त्यांनी खाकी कागदावर दिवाणजीचं कटिंग केलं. खरंच केलं. झोपलेला असताना टेपनं मापं घेतली आणि दोन बाजू कापल्या, डावी नि उजवी, जशा झब्ब्याच्या कापतात. त्यावर खडूनं जागा पाडल्या. खांद्यामागे, कूस, मांडी, आणि त्यांच्यामध्ये बोट-बोट अंतर सोडून आणखी. हे कटिंग खुंटीवर गिऱ्हाइकांच्या कटिंगांच्या शेजारी लटकलं. आता जिथं सुई दिली तिथं टाचणी. पुढच्या सुईला टाचणी पुढच्या जागी. डाव्या बाजूची फेरी झाली की उजवी. टाचणी परत पहिल्या जागी येईपर्यंत ती जागा विसरलेली असायची की तिला कधी टोचलं होतं.

कागदावर सोपं होतं. दिवाणजी कागद नव्हता. मानेमागे सोडून कुठंही चिमूट धरली की फिस्कारायचा. वन्संचे हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले. मी म्हटलं, "टॉवेलमध्ये गुंडाळून धरूया." "नाही," त्या म्हणाल्या, "बांधून शिवलेलं कुणाला बसत नाही. त्याला कळू दे की हा हात दुखवणारा नाही." मग त्यांनी महिनाभर नुसता हात शिकवला. तो जेवत असताना कुशीवर बोट, मग चिमूट, मग झाकण लावलेली रिकामी सिरिंज नुसती टेकवायची आणि काढून घ्यायची. खरी सुई हळूच त्यातच मिसळून द्यायची. फ्रीजमधलं औषध गार लागतं म्हणून भरलेली सिरिंज मुठीत धरून बसायच्या. स्पिरिट बंद, कारण त्यानं चुणचुणतं. कुशीवरचे केस दाट, त्यामुळे सुई कधीकधी कातडीत न जाता केसांतच रिकामी व्हायची. तेव्हा बोटांना ओल लागायची आणि औषधाचा वास यायचा. अशा वेळी त्यांचा जीव खाली-वर व्हायचा, पण पुन्हा सुई त्या देत नसत. "किती आत गेलं ते आपल्याला माहीत नाही. माहीत नसेल तर हात आवरायचा." पुढच्या वेळेपर्यंत वाट बघायची, हे त्यांच्यासारख्या बाईला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक. नवी सुई दर वेळी निघायची आणि जुनी एका जाड डब्यात जायची. डबा भरला की वन्सं तो हलवून बघत आणि म्हणत, "आमच्या वडलांनी बघितलं असतं तर घराबाहेर काढलं असतं मला."

त्यातच लग्नसराई आली. एक नवरीची आई संध्याकाळी ऐन वेळेला पोचली, लेकीचा घागरा कमरेत बसत नव्हता आणि लग्न दोन दिवसांवर. वन्सं वाटी घेऊन खाली बसलेल्या. ती बाई कडाडली, "मास्टरनी जी, बिल्ली बड़ी के म्हारी छोरी को ब्याव?" वन्संनी वर न बघता म्हटलं, "ब्याव परसों हे, सुई अब्बी हे. बेठो." बाई तणतणत निघून गेली. घागरा दुसरीकडे गेला आणि त्या घरातलं पुढचं सगळं कामही गेलं. मी हळहळले. वन्संनी दिवाणजीच्या मांडीवर चिमूट धरली, सुई दिली, बोटं केसांवर फिरवून कोरडी आहेत ना ते पाहिलं, आणि मग म्हणाल्या, "तिला घाई होती. घालेल रेडीमेड."

गाठ विरत विरत हरभऱ्याएवढी झाली आणि मग सापडेनाशी झाली. तिथं केस आले, जरा पांढरट. आकडे खाली आले आणि तिथंच राहिले. एक दिवस मी चहा घेऊन गेले तर दिवाणजी टेबलावर, मखमलीवर, हातपाय ताणून. उडी त्यानं आपली आपण मारली होती. मी म्हटलं, "वन्सं, केस लागताहेत मखमलीला." त्या म्हणाल्या, "लागू देत." आणि मशीनवर तोंड फिरवून बसल्या. बराच वेळ मशीन चाललं नाही.

वन्संचं हृदय बिघडल्याचं त्यांनी आम्हांला सांगितलं ते फार उशिरा. धाप लागायची, पाय सुजायचे, आणि विचारलं की म्हणत, "वय झालं, शिवण ढिली होणारच." इंदूरला ॲडमिट करायचं ठरलं तेव्हा त्यांची पहिली अट होती ती मी दिवाणजीला सुई द्यायला शिकण्याची. मी म्हटलं, "हे शिकतील ना." "बाळूला सरळ रेघ काढता येत नाही. तू ये." त्यांनी माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि चिमूट धरायला शिकवलं. "तंबू उचल. एवढा नको, त्याला ओढ बसते. आता तंबूत जा, पण पलीकडच्या कापडातून बाहेर पडू नकोस." दिवाणजी जेवत होता. सुई गेली, आणि मला कळलंसुद्धा नाही ती गेली कधी. "येतंय तुला," वन्सं म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्या हाताला पहिल्यांदा चांगलं म्हटलं.

दवाखान्यात मी रोज जात होते. सकाळची सुई देऊन निघायचं, संध्याकाळच्या सुईला परत. मी खोलीत शिरले की वन्सं माझी चौकशी नाही, भावाची नाही, पहिला प्रश्न एकच करत, "आज कुठं?" मी सांगायचे, डावी कूस. "ओल?" नाही, कोरडं. "खाल्लं?" सगळं. मग कुठं त्या उशीला डोकं टेकत. त्यांचे स्वतःचे हात सुयांनी काळेनिळे झाले होते. नर्स पुन्हा त्याच मनगटावर शीर शोधायला लागली की त्यातही म्हणत, "बेटा, जगह बदल. इसको जरा सवड दे." नर्सला 'सवड' कळायची नाही, पण ती हात बदलायची.

शेवटच्या दिवशी तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. मी आत गेले तर त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या. मी त्यांच्या चादरीवरूनच त्यांच्या उजव्या खांद्यामागे बोट टेकवलं. त्यांनी मान डोलावली. दुपारी त्या गेल्या.

त्यांना देवासला आणलं तेव्हा संध्याकाळ होत होती. आमचा मुलगा बंगळूरहून निघाला होता, त्यामुळे अंत्यविधी दुसऱ्या दिवशी सकाळी. टेबल भिंतीला सारून वन्संना पुढच्या खोलीतच ठेवलं होतं, खिडकीपाशी. धारचे त्यांचे दीर आले होते, माझ्या काकीसासूबाई आल्या होत्या, गल्लीतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. चूल अर्थातच बंद. टेकडीवरची घंटा वाजली आणि मी उठले. फ्रीज उघडला, औषध काढलं, दिवाणजीच्या वाटीत उकडलेलं मांस घातलं. तो टेबलाखालून बाहेर आला आणि खायला लागला. एवढ्या शांततेत त्याच्या खाण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

काकीसासूबाईंना राहवलं नाही. "शैला, घरात प्रेत आहे. माणसांच्या पोटात पाणी नाही, आणि तू मांजराला जेवू घालतेस? तेही मांस?"

"हो काकी. आधी जेवण, मग सुई. उपाशी पोटी सुई दिली तर जाईल तो."

"मग एक दिवस नको देऊस सुई. काय बिघडतंय?"

मी खूप बोलले असते. मला राग आला होता, रडूही आलं होतं. पण मी एवढंच म्हटलं, "ते तुम्ही वन्संना विचारा." त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला वन्सं माहीत होत्या.

मी सिरिंज मुठीत धरून कोमट केली. खुंटीवरच्या कटिंगवरची टाचणी काढून पुढच्या जागी टोचली. दिवाणजीच्या कुशीवर तंबू उचलला, आत गेले, दांडा दाबला, बाहेर आले. केसांवर बोटं फिरवली. मग ती बोटं पदराला पुसून मी बायकांच्या मधून वाट काढत खिडकीपाशी गेले, खाली बसले आणि वाकून त्यांच्या कानाशी सांगितलं, "उजवी कूस, वन्सं. कोरडं आहे. सगळं खाल्लं."